भर उन्हाळ्यातलं लग्न आणि तापणारा कॅमेरा: मिररलेसवर व्हिडिओ घेताना उष्णतेचा हिशेब

चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव. मे महिन्यात या भागात दुपारी पारा ४३-४५ अंशांवर जातो आणि लग्नसराईही ऐन तेव्हाच भरात असते. बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर एक ओळ असते: वापरण्याजोगं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. म्हणजे मांडवात कॅमेरा सुरू करण्याआधीच आपण कंपनीने आखलेल्या रेषेबाहेर उभे असतो. तरीही शूटिंग होतं आणि नीट होऊ शकतं. त्यासाठी उष्णता कुठून येते, किती येते आणि कुठून बाहेर पडते एवढं समजून घ्यावं लागतं. ते एकदा समजलं की कूलिंगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा वस्तू विकत घ्याव्याच लागत नाहीत.

उष्णता येते कुठून

फोटो काढताना सेन्सर क्षणभर राबतो आणि मोकळा होतो. व्हिडिओत त्याला उसंत नसते. सेकंदाला २५ किंवा ५० वेळा तो वाचला जातो, प्रोसेसर प्रत्येक चित्र ४के आकाराला आणतो, त्यावर रंगाची प्रक्रिया करतो, मग एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये दाबून बसवतो. मेमरी सतत भरते आणि रिकामी होते, कार्डावर लिहिणं चालू असतं, मागचा स्क्रीन उजळलेला असतो, ऑटोफोकस चेहरे शोधत असतो. या सगळ्याला बॅटरी जी वीज पुरवते, ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते.

किती, ते घरबसल्या काढता येतं. सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी १६.४ वॅट-तासांची आहे. ४के शूटिंगमध्ये ती दोन तास टिकली, तर कॅमेरा सुमारे ८ वॅट खातोय आणि तेवढीच उष्णता तयार करतोय. तीच बॅटरी ४के ५०पी (सेकंदाला ५० चित्रं) आणि स्क्रीनच्या पूर्ण उजेडात दीड तासात संपली, तर ११ वॅट. बॅटरी लवकर संपणारी प्रत्येक सेटिंग कॅमेरा तापवणारीही असते. हे एक सूत्र लक्षात ठेवलं तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच मिळतात.

ही उष्णता बाहेर पडायला वाट मात्र अरुंद असते. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून बॉडी बंदिस्त असते, त्यामुळे गरम हवा बाहेर निघत नाही. त्यात सेन्सरला स्थिरीकरण असेल तर सेन्सर चुंबकांच्या जोरावर तरंगत असतो, बॉडीला घट्ट टेकलेला नसतो. त्याची उष्णता पातळ लवचिक केबलमधून किंवा ग्राफाइटच्या पट्टीतून कशीबशी धातूच्या सांगाड्यापर्यंत पोचते. २०१९ साली आलेल्या सिग्मा एफपीमध्ये सेन्सर हलवणारं स्थिरीकरण ठेवलेलंच नाही, आणि बॉडी व स्क्रीन यांच्या मध्ये खाचांचं मोठं हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) दिलंय. स्थिरीकरण की थंडावा, यांतून कंपन्यांना निवड करावी लागते ती अशी.

कॅमेऱ्याचं तापणं म्हणजे वरून धार लागलेला आणि तळाशी भोक असलेला रांजण समजा. धार म्हणजे आत तयार होणारी उष्णता, भोक म्हणजे हवेत जाणारी उष्णता. धार मोठी असली तर रांजण कधीतरी भरणारच, आणि काठोकाठ भरला की कॅमेरा बंद. गळती धारेएवढी झाली तर मात्र पाणी एका पातळीवर थांबतं आणि कॅमेरा बॅटरी संपेपर्यंत चालतो.

२३ अंशांची चाचणी आणि ४३ अंशांचा मांडव

मोठ्या मिररलेस बॉडीचं बाहेरचं क्षेत्रफळ ढोबळमानाने ५८० चौरस सेंटिमीटर धरा. वारा नसताना बॉडी हवेपेक्षा जितके अंश गरम, त्या प्रत्येक अंशामागे ती साधारण अर्ध्या वॅटहून थोडी जास्त उष्णता हवेला देते. म्हणजे ८ वॅट बाहेर टाकायला बॉडीला हवेपेक्षा १४-१५ अंश गरम व्हावं लागतं. २३ अंशांच्या खोलीत ती ३७-३८ वर स्थिरावते. ४३ अंशांच्या मांडवात तीच बॉडी, त्याच सेटिंगवर, ५७-५८ वर जाते. आतली चिप याहूनही गरम असते.

आता हाच कॅमेरा उन्हात उभा करा. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. कॅमेऱ्याचा वरचा भाग ९० चौरस सेंटिमीटर धरला आणि काळा रंग त्यातलं बहुतेक ऊन शोषतो हे लक्षात घेतलं, तर नुसत्या उन्हाने ८ वॅट आत येतात. म्हणजे कॅमेरा स्वतः जेवढी उष्णता तयार करतो तेवढीच पुन्हा वरून ओतली जाते. सेटिंगमध्ये कितीही काटकसर करा, एवढी बचत दुसऱ्या कशानेच होत नाही. सावली हा पहिला उपाय आहे आणि तो फुकट आहे.

कंपनीने सांगितलेली मिनिटं वाचतानाही हेच ध्यानात ठेवायचं. जुलै २०२० मध्ये कॅनन ईओएस आर५ जाहीर झाला तेव्हा कंपनीने मर्यादा उघड सांगितल्या होत्या: ८के ला २० मिनिटं, ४के एचक्यू ला ३०, ४के १२० फ्रेमला १५. हे सगळे आकडे २३ अंश तापमानाचे होते. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा: मर्यादेपर्यंत तापलेला कॅमेरा १० मिनिटं थंड होऊ दिला तर ८के ची जेमतेम ३ मिनिटं परत मिळत. ऑगस्ट २०२० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने) या नियंत्रणात सुधारणा केली, आणि पुढच्या एका फर्मवेअरने तापमानाची मर्यादा वाढवण्याचा पर्यायही दिला. त्याच आर५ मध्ये साध्या ४के २५पी ला मात्र उष्णतेची मर्यादा नव्हती, कारण त्यात सेन्सरच्या ओळी गाळून वाचल्या जातात. एचक्यू मध्ये पूर्ण ८के वाचून त्याचं ४के केलं जातं. चित्र देखणं दिसतं आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. क्रॉप केलं, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला, की सेन्सर कमी वाचला जातो आणि कॅमेरा थंड राहतो, असं सर्रास सांगितलं जातं. आर५ च्या क्रॉपमध्ये ४के हे ५.१के वरून तयार होतं, त्यामुळे ४के ६०पी ला तिथेही मर्यादा लागते. आपल्या कॅमेऱ्यात कुठल्या सेटिंगला किती पिक्सेल वाचले जातात हे पुस्तिकेत पाहा, अंदाजाने ठरवू नका.

थांबला म्हणजे तापलाच असं नाही

शूटिंग मधेच बंद पडलं की सगळं खापर उष्णतेवर फुटतं. प्रत्यक्षात चार वेगळी कारणं असू शकतात आणि चारही ओळखता येतात.

आधी थर्मामीटरचं चिन्ह दिसलं, मग संदेश येऊन कॅमेरा बंद झाला, तर ती उष्णता. चिन्ह न दिसता बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबला, तर ती जुन्या कॅमेऱ्यांतली ठरवून घातलेली मर्यादा. ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त आयात शुल्क लागे, म्हणून ती घातली जायची. लिहिण्याचा वेग कमी पडल्याचा संदेश आला, तर कार्ड. यात एक खोच आहे: सीएफएक्सप्रेस (एसडीपेक्षा बरंच वेगवान) कार्ड स्वतः तापलं की आपला वेग आपणच कमी करतं, त्यामुळे वरवर कार्डाची वाटणारी तक्रार मुळात उष्णतेची असू शकते. कार्ड काढताना बोटाला चटका बसतो का, त्यावरून कळतं. आणि बॅटरीचं चिन्ह ४० टक्क्यांवरून अचानक लाल झालं, तर ती थकलेली किंवा नकली बॅटरी.

उष्णतेमुळे बंद होताना कॅमेरा साधारणपणे फाइल नीट मिटवून बंद होतो. त्यामुळे घाबरून लगेच कार्ड उपसू नका. लिहिण्याचा दिवा विझेपर्यंत थांबा.

सेटिंग: कुठे काटकसर करावी, कुठे करू नये

सर्वात मोठा फरक फ्रेम रेटने पडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५पी आणि शटर १/५० हे लग्नाच्या कामाचं मूळ सेटिंग. ५०पी वर गेलात की सेन्सर वाचणं आणि चित्र दाबणं, दोन्ही दुप्पट. संपूर्ण विधी ५०पी वर घेऊन नंतर त्यातल्या २० सेकंदांचंच स्लो मोशन करायचं असेल, तर ती निव्वळ उधळपट्टी आहे. मूळ चित्रण २५पी वर ठेवा आणि स्लो मोशनसाठी एखाद्या कस्टम बटणावर १०० किंवा १२० फ्रेमचं सेटिंग साठवून ठेवा. हवं तेव्हा २०-३० सेकंद घ्या आणि परत या.

कार्डाची निवड बिटरेटवरून, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती लिहिली जाते त्यावरून करा. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, त्याला व्ही३० कार्ड (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं) पुरतं. २८० मेगाबिटला ३५ मेगाबाइट लागतात, तिथे व्ही६०. ६०० मेगाबिटच्या ऑल-इंट्राला (प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवणारी पद्धत) ७५ मेगाबाइट, म्हणजे व्ही९०. ज्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस आणि एसडी असे दोन्ही खाचे आहेत, तिथे लांबलचक विधी एसडीवर घेतलेले बरे. सीएफएक्सप्रेस कार्ड रिकामं बसलेलं असतानाही काही वीज खात असतं. गरज नसेल तर काढून ठेवा. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिल्याने उष्णता थोडी वाढते, हे खरं. पण लग्नाचं काम एकाच कार्डावर घेणं हा धोका पत्करू नये असंच आमचं मत. उष्णता वाचवायला बाकी पुष्कळ जागा आहेत, बॅकअपला हात लावू नका.

ऑल-इंट्रा की लाँग-गॉप (चित्राचित्रांतला फरकच साठवणारी पद्धत), एच.२६४ की एच.२६५, याचं एकच उत्तर सगळ्या कॅमेऱ्यांना लागू होत नाही. ऑल-इंट्रात दाबण्याचं काम सोपं, पण कार्डावरचा भार कितीतरी जास्त. एच.२६५ मध्ये उलट. खाली दिलेली चाचणी दोन्हींवर करून पाहावी.

मागचा स्क्रीन बॉडीला चिकटवून ठेवू नका. स्क्रीनच्या मागेच बहुतेक कॅमेऱ्यांत मुख्य सर्किट बोर्ड असतो आणि मिटलेला स्क्रीन त्यावर पांघरुणासारखा बसतो. बाजूला उघडणारा असेल तर पूर्ण उघडा, वर उचलणारा असेल तर किमान दोन बोटं पुढे ओढा. उन्हासाठीचा अतितेजस्वी पर्याय वापरण्यापेक्षा स्क्रीनला काळं हूड लावा. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करा. चित्र हलू न देण्यासाठी सेन्सर सतत धरून ठेवायलाही वीज लागतेच. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करण्यासाठी एअरप्लेन मोड लावा. यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ आहे, एकत्र केली तर काही मिनिटं नक्की पदरात पडतात.

आता सर्वात दुर्लक्षित सेटिंग. सोनीत पॉवरच्या मेनूमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ टेंप’ असतं, फुजीफिल्ममध्ये त्याच नावाचं, पॅनासॉनिकच्या एस५ २ मध्ये ‘थर्मल मॅनेजमेंट’. मूळ पर्याय ‘स्टँडर्ड’ असतो, तो ‘हाय’ करायचा. ‘स्टँडर्ड’ची मर्यादा हातात धरणाऱ्याच्या कातडीसाठी आहे: फार गरम नसलेली वस्तूही बराच वेळ धरून ठेवली तर कमी तापमानाचा भाजा होतो, आणि तो लगेच जाणवत नाही. म्हणून ‘हाय’ लावलेला कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा गिंबलवर (हलत्या कॅमेऱ्याला स्थिर ठेवणाऱ्या दांडीवर) असावा. पूर्ण मंगलाष्टकं हातात धरून घेणार असाल तर ‘हाय’ लावू नका.

रेकॉर्ड न करतानाही कॅमेरा तापत असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्क्रीनवर चित्र दिसतंय म्हणजे सेन्सर चालू आहे, प्रोसेसर चालू आहे. ४के ६०पी च्या मोडवर ठेवून अर्धा तास फक्त वाट पाहिली, तर रांजण तोवर बराच भरलेला असतो. कॅननच्या आर५ मध्ये ‘ओव्हरहीट कंट्रोल’ आणि आर६ मार्क २ मध्ये स्टँडबायचं रेझोल्यूशन कमी करण्याचा पर्याय आहे, तो लावून ठेवा. ज्यात असं काही नाही, त्या कॅमेऱ्याचा स्विच सरळ बंद करायची सवय लावा. चालू व्हायला दोन सेकंद लागतात.

सावली, वारा, कूलर

ट्रायपॉडच्या दांडीला क्लॅम्पने बांधलेली पांढरी किंवा चंदेरी छत्री हे उन्हातल्या शूटिंगचं सर्वात उपयोगी सामान आहे. छत्री आणि कॅमेरा यांच्यात वीतभर तरी अंतर हवं, म्हणजे मधून हवा खेळेल. कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकायचा असेल तर तो केजच्या (कॅमेऱ्याभोवती बसणाऱ्या धातूच्या चौकटीच्या) किंवा माइकच्या आधाराने वर उचललेला असावा. बॉडीला लपेटलेला रुमाल ऊन अडवतो पण उष्णताही कोंडून धरतो. सिलिकॉनची कव्हरं उन्हाळ्यात काढून ठेवा.

ॲल्युमिनियमचा केज किंवा एल-प्लेट (तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची पट्टी) सावलीत मदत करते, कारण बॉडीची उष्णता त्यात उतरते आणि हवेला मिळणारं क्षेत्रफळ वाढतं. मात्र स्पर्श घट्ट हवा. केज आणि बॉडीमध्ये रबराचा जाड थर असेल तर फारसा फायदा नाही. आणि तोच काळा केज उन्हात राहिला तर उलटं काम करतो.

हलत्या हवेचा फायदा मोठा आहे. स्थिर हवेच्या तुलनेत हलक्या झुळकीतही बॉडी दुप्पट-तिप्पट उष्णता टाकू शकते. मांडवातल्या टेबलफॅनच्या झोतात कॅमेरा दोन मीटरवर ठेवणं हे महागड्या उपकरणाच्या तोडीचं आहे. विदर्भात मांडवात जंबो कूलर असतातच, आणि कोरड्या हवेत कूलर म्हणजे वरदान: ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाण्याचं बाष्पीभवन तापमान तिशीच्या आतबाहेर सहज आणून ठेवतं. कॅमेऱ्याची जागा ठरवताना कूलरच्या झोताची दिशा पाहून ठरवा. फक्त तोंडापासून दोन-अडीच मीटर लांब राहा, कारण गवताच्या किंवा हनीकोंब जाळीतून पाण्याचे बारीक थेंब उडतात. आणि कूलरची घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येणारच, तेव्हा भटजींना कॉलर माइक लावा किंवा मंडपाच्या मिक्सरमधून आवाज घ्या.

बॉडीच्या पाठीला स्क्रीनच्या जागी बसणारे छोटे पंखेही मिळतात. फुजीफिल्मचा फॅन-००१ हा स्क्रूने बसतो आणि एक्स-एच२एस, एक्स-एच२, एक्स-एस२० अशा ठरावीक बॉडींनाच लागतो. कॅनन आर५ मार्क २ साठी पंखा असलेली ग्रिप आहे. उलांझीसारख्या कंपन्यांचे पकडीने बसणारे पंखे बऱ्याच कॅमेऱ्यांना चालतात. नुसता पंखा असेल तर निर्धास्त वापरा. पेल्टियर प्लेट (विजेने थंड होणारी चकती) असलेला असेल, म्हणजे मोबाइल थंड करतात तसा बर्फगार होणारा, तर पुढचा भाग वाचल्याशिवाय लावू नका.

दव: कोकणात आणि मुंबईत जास्त भीती याची

हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते तो दवबिंदू. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश. म्हणजे २५ अंशांपेक्षा थंड असलेली कोणतीही वस्तू बाहेर काढली की ओली होते. एसी हॉलमधून २० अंशांचा कॅमेरा अलिबागच्या किनाऱ्यावर आणला की लेन्स धुरकट होते ते याचमुळे, आणि जे लेन्सवर दिसतं ते आत सर्किटवरही होत असू शकतं. नागपूरच्या ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत दवबिंदू १५ च्या आसपास असतो. म्हणून तिथे थंडगार जेल पॅक सुती कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, बंद कॅमेऱ्याच्या मागे काही मिनिटं टेकवला तर चालून जातं. किनारपट्टीवर ते अजिबात करू नये. थेट बर्फ, फ्रीज, फ्रीझर हे कुठेच नाही.

एसीतून दमट हवेत जाताना कॅमेरा आणि लेन्स झिप पिशवीत हवा काढून बंद करा आणि पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्या. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसतं, कॅमेऱ्यावर नाही. पेल्टियरचा धोकाही हाच: कोकणात तो बॉडीची पाठ दवबिंदूच्या खाली नेऊ शकतो. तो लावायचाच असेल तर कॅमेरा तापल्यावर लावा आणि बॉडी गार लागायला लागली की काढा.

वीज बाहेरून द्या

बॅटरी स्वतःही तापते. तिच्यातून जास्त वीज ओढली की अंतर्गत रोधामुळे ती आतून गरम होते, आणि ती बसलेली असते प्रोसेसरच्या शेजारी. स्थिर कॅमेऱ्यासाठी डमी बॅटरी चांगली: बॅटरीच्या आकाराचा रिकामा डबा आत, वायर झाकणाच्या रबरी खाचेतून बाहेर, आणि वीज बाहेरच्या पीडी (जास्त वीज देऊ शकणाऱ्या) पॉवर बँकेतून किंवा अडॅप्टरमधून. आपल्या बॅटरीच्याच मॉडेलची डमी घ्या आणि तिचं आउटपुट ७.२ ते ८.४ व्होल्टच्या दरम्यान आहे हे मल्टिमीटरने तपासूनच पहिल्यांदा लावा. पॉवर बँक उन्हात ठेवू नका, ट्रायपॉडच्या सावलीतल्या पायाला पिशवीत टांगा.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. चांगले चार्जर तापलेली बॅटरी आपणहून नाकारतात. मांडवामागच्या पत्र्याच्या खोलीत दुपारभर चार्जरला लावलेल्या बॅटऱ्या संध्याकाळी रिकाम्या निघतात त्याचं कारण हे असतं. यजमानांकडे खोली मागताना पंख्याखालचा प्लग मागून घ्या.

आणखी एक मार्ग म्हणजे बाहेरचा रेकॉर्डर, उदाहरणार्थ ॲटोमॉस निंजा. एचडीएमआयने चित्र बाहेर जातं, आणि कॅमेऱ्यात कार्डावर रेकॉर्ड केलं नाही तर दाबण्याचं आणि लिहिण्याचं काम कॅमेऱ्यावरून उतरतं. सेन्सर मात्र तितकाच तापतो. रेकॉर्डरला स्वतःचा पंखा, स्वतःची बॅटरी आणि स्वतःची सावली लागते हेही धरा.

मुहूर्तासाठी थंडावा राखून ठेवा

लग्नात एक क्षण असा असतो की त्याला रिटेक नाही: अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात. मुहूर्ताची वेळ पत्रिकेवर छापलेली असते, त्यामुळे उलट मोजत नियोजन करता येतं. सीमांतपूजन आणि नवरा-नवरीचं येणं झालं की मुख्य कॅमेरा बंद करा, बॅटरीचं दार उघडा, स्क्रीन बाहेर काढा, पंख्यासमोर ठेवा. मधल्या पाहुण्यांच्या गडबडीसाठी दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल पुरतो. मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी नवी बॅटरी घाला, फ्रेम लावून घ्या आणि पुन्हा बंद करा. मंगलाष्टकं सुरू होताना चालू करा. ती १०-१५ मिनिटांत आटोपतात, आणि थंड सुरुवात केलेला जवळजवळ कुठलाही कॅमेरा सावलीत ४के २५पी वर तेवढा वेळ काढतो.

१२० फ्रेमचं स्लो मोशन मुहूर्ताच्या अगदी तोंडावर घेऊ नका. हळदीच्या वेळी घ्या, वरातीत घ्या, किंवा सप्तपदी झाल्यावर. मुहूर्ताच्या दिवशी तापवणारं काम नंतर, न चुकवण्याजोगं काम आधी.

दोन कॅमेरे असतील तर रुंद फ्रेमचा स्थिर कॅमेरा अशा सेटिंगवर ठेवा जी उष्णतेने कधीच थांबत नाही, मग ती १०८०पी का असेना. कुटुंबं अल्बम व्हिडिओ मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहतात. अक्षतांचा क्षण साध्या १०८०पी मध्ये असणं हे सुंदर ६के वरून आलेल्या ४के मध्ये नसण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि कार्यालयाकडे जाताना कॅमेऱ्याची बॅग उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. बंद गाडीत ६० अंश सहज होतात, आणि तिथून काढलेला कॅमेरा पहिल्या पाच मिनिटांतच चिन्ह दाखवतो.

आपल्या कॅमेऱ्याचा तक्ता तयार करा

लग्नसराईच्या आधी एक दुपार यासाठी द्या. खोलीतला पंखा बंद करा, साध्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान लिहा. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड फॉरमॅट केलेलं, ‘हाय’ पर्याय लावलेला, कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर सेकंदकाटा असलेलं घड्याळ. कॅमेरा खोलीच्या तापमानाला असतानाच रेकॉर्डिंग सुरू करा. थर्मामीटरचं चिन्ह कधी आलं आणि कॅमेरा कधी बंद झाला, दोन्ही वेळा लिहा. चिन्ह आल्यापासून बंद होईपर्यंत किती मिनिटं मिळतात हा आकडा मांडवात सर्वात जास्त उपयोगी पडतो. मग बरोबर १० मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या फेरीत किती चालला ते लिहा. ही दुसरी फेरी लोक करत नाहीत, आणि खऱ्या कामात बहुतेक वेळ आपण दुसऱ्या फेरीतच असतो.

हेच ४के २५पी, ४के ५०पी, दोन्ही कोडेक (एच.२६४ आणि एच.२६५) आणि दोन्ही प्रकारच्या कार्डांवर करा. नंतर गच्चीवर, सावलीत, दुपारी दोन वाजता एकदा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर स्क्रीनमागचा भाग, कार्डाचं दार आणि तळ यांचं तापमान दर पाच मिनिटांनी टिपा; पंखा कुठे लावायचा ते त्यावरून ठरतं. काळोखात लेन्सचं झाकण लावून तापलेल्या कॅमेऱ्यावर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर पाहा. सेन्सर ६ ते ८ अंशांनी तापला की त्यातली काळोखातली गळती दुप्पट होते, म्हणून रंगीत ठिपके दिसू लागतात. दिसले तर मेनूतलं पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले ठिपके शोधून झाकणारी सोय) चालवा, आणि तापलेल्या कॅमेऱ्यावर रात्रीच्या वरातीसाठी आयएसओ फार चढवू नका.

पंखा असलेली बॉडी घ्यावी का

महिन्यात अनेक कामं असतील आणि तास-तास सलग रेकॉर्डिंग लागत असेल, तर हो. पॅनासॉनिक एस१एच (२०१९), सोनी एफएक्स३ (२०२१), कॅनन आर५ सी, पॅनासॉनिक जीएच६ आणि सोनी एफएक्स३० (तिन्ही २०२२), पॅनासॉनिक एस५ २ (२०२३) या बॉडींत पंखा आतच आहे. एस५ २ मध्ये तो व्ह्यूफाइंडरच्या उंचवट्याखाली बसवलेला असल्याने बॉडी नेहमीच्याच आकाराची राहिली. सोनी झेडव्ही-ई१ मध्ये एफएक्स३ सारखाच सेन्सर आहे पण पंखा नाही. छोट्या बॉडीचा मोह होत असेल तर लांबलचक विधींचा विचार करून मगच घ्या.

पंख्याच्या बॉडीची निगा वेगळी असते. हवेच्या जाळ्यांवर केजची पट्टी, चिकटपट्टी किंवा हाताचा पंजा येऊ देऊ नका. हळदीची पूड, गुलाल आणि वरातीतल्या फटाक्यांची राख जाळीत अडकते, तेव्हा अशा वेळी पंख्याचा ‘स्लो’ पर्याय लावा आणि घरी आल्यावर कॅमेरा बंद करून, जाळी जमिनीकडे धरून रबरी ब्लोअरने झटका. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ती पंख्याची पाती मर्यादेपेक्षा जोरात फिरवते आणि बेअरिंग खराब होतं. माइक जवळ असेल तर पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी मंद आणि थांबल्यावर वेगात चालेल असा पर्याय निवडा.